इनिशियलायझर वारशाने केव्हा मिळतो

कर्वेनगरच्या महाविद्यालयात बरीच वर्षे प्रोग्रामिंग शिकवून मी वाघोलीतल्या एका ॲप बनवणाऱ्या कंपनीत आले, तेव्हा अज्ञान आणि अधिकार एकाच खुर्चीत किती आरामात बसतात, हे जवळून पाहता आले. खुर्ची आमच्या टीम लीडची होती. एरर वाचणे त्याला कमीपणाचे वाटे. बिल्ड मोडले, म्हणजे सगळ्यांचा कोड जोडून ॲप तयार होईना, की तो एवढेच विचारी, "शेवटचा हात कुणाचा?" ज्याचा असेल तो दोषी.

त्या दिवशी तो हात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा होता. खडकीहून येणारी ही मुलगी प्रोबेशनवर होती आणि तिची नोकरी पक्की होणार की नाही, हे लीड संध्याकाळी सांगणार होता.

"अगं, तुझ्या सगळ्या स्क्रीन लाल झाल्यात," तो म्हणाला. "बेसिकच कच्चं असेल तर कन्फर्म कसं करायचं?"

"मी फक्त बटणाचा रंग बदललाय, सर."

मी एरर वाचली. इनिशियलायझर म्हणजे क्लास नावाच्या साच्यापासून वस्तू घडवण्याची रीत. मूळ क्लासवर बेतलेल्या सबक्लासने स्वतःची मुख्य रीत लिहिली नाही आणि आपल्या नव्या गुणधर्मांना आरंभीच्या किमती दिल्या, तर मूळ क्लासच्या रीती त्याला आपोआप मिळतात. स्वतःची एक जरी मुख्य रीत लिहिली, तरी हा आपोआप मिळणारा वारसा थांबतो. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला हे एका तासात समजते. लीडने सकाळी सबक्लासमध्ये अशीच एक रीत घातली होती, आणि हिच्या स्क्रीन जुनीच रीत मागत होत्या.

"सबक्लास आहे म्हटल्यावर सगळं मिळणारच ना, मॅडम?"

"आपण सकाळी काही लिहिलं नसतंत, तर मिळालं असतं."

"मग हिने स्क्रीन बदलाव्यात."

"त्यापेक्षा आपली रीत कन्व्हीनियन्स, म्हणजे सोयीची दुय्यम रीत, म्हणून जाहीर करा, आणि तिच्या आतून वारशाने आलेली मुख्य रीत बोलवा. जुन्या रीती परत मिळतील."

मी सांगत गेले, त्याने टाइप केले. कन्व्हीनियन्सचे स्पेलिंग दोनदा चुकवले. बिल्ड चालले.

संध्याकाळी तो आमच्या टेबलाशी आला. "कन्फर्म करतोय तुला. आज मॅडमनी सावरलं, पुढे जपून."

"हो, सर," ती म्हणाली. "आत्ता बिल्ड चालतंय. शेवटचा हात तुमचाच आहे."

"थँक्स," तो म्हणाला, आणि खूश होऊन चहाला गेला.