दोन कट्टीत गेले

शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. शब्दही साधेच आहेत, कारण शाळा मी लवकर सोडली. किती लवकर, ते पुढे येईलच. सारा घोळ त्याचाच तर झाला! आता काय सांगू, तो दिवस अजून विसरलो नाही. अन् तुम्ही आधीच हसून राह्यले!

कापसाचे दिवस फिरले होते, त्या वर्षांतली गोष्ट. आमच्या बाभुळगावाकडच्या गावात वेचणीला जाणाऱ्या बायांची पोरं अभ्यासात मागे पडत होती. त्यांची शिकवणी मी शाळेच्या एका खोलीत घ्यायचो, फुकट. किल्ली देताना हेडमास्तरांनी विचारलं होतं, "दहावी झाली ना बे तुही?"

मी लाजून मान हलवली. ती कोणत्या बाजूला हलली, माझं मलाच कळलं नाही. त्यांनी होकार धरला.

पोरांना पुस्तकातल्या सफरचंदांचं गणित जमेना. मग मी कापूस घेतला. मी स्वतः व्यापाऱ्याच्या काट्यावर पोती चढवायचो ना! तिथली रीत अशी, की क्विंटलमागे दोन किलो कट्टी. ओल आहे, माती आहे, असं म्हणून व्यापारी तेवढं वजन कापणारच. म्हणून आमची गणितंही तशीच. पाच जणींनी वीस-वीस किलो वेचला, भरला किती? शंभर? छे! अठ्ठ्याण्णव!

पोरं पटापट उत्तरं देऊ लागली. माझी छाती फुगली.

आणि एक दिवस तालुक्याहून तपासणीचे साहेब आले. हेडमास्तर माझ्या कानात म्हणाले, "गजू, पोरं चुकली तं तुह्या खोलीले कुलूप. वरून तसाच हुकूम हाये."

साहेबांनी चौथीतल्या वैशालीला उभं केलं.

"एका पेटीत बारा आंबे. अशा पाच पेट्या. एकूण किती?"

"अठ्ठावन्न!"

"नीट विचार कर."

"अठ्ठावन्नच, साहेब." मागून सारा वर्ग ओरडला, "अठ्ठावन्न!"

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा, सर."

जन्मात पहिल्यांदा मला कोणी सर म्हटलं होतं! डोळ्यांपुढे काटा डोलू लागला, आणि माझ्या तोंडून निघालं, "अठ्ठावन्न."

"मग दोन आंबे गेले कुठं?"

"कट्टीत गेले ना, साहेब!" वैशाली म्हणाली. एवढ्या मोठ्या माणसाला एवढंही कळत नाही, असा तिचा चेहरा.

साहेबांनी पुन्हा विचारलं, "आठ-आठ मुलांच्या पाच रांगा. मुलं किती?"

"अडतीस!"

"आणि दोन मुलं?"

"ओली असतीन," मागून कोणीतरी म्हणालं.

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी चष्मा काढला. "तुमचं शिक्षण किती?"

खिशातली किल्ली मी घट्ट धरली. खोटं बोलायला जीभच उचलेना. "आठवी, साहेब."

"काबे!" हेडमास्तर उडालेच. "दहावी सांगतली होती ना तू?"

तेवढ्यात वैशाली माझ्या मदतीला उठली. "दहावीच हाये, मोठे सर! दोन कट्टीत गेले."

साहेब असे हसले की खुर्ची करकरली. मग एकदम गंभीर झाले. "गुणाकार यांना पक्का येतो. पंधरा दिवसांनी मी परत येईन, तोवर ही कट्टी बंद. आणि हेडमास्तर, याचा दहावीचा फॉर्म भरून घ्या. नाही भरला, तर कुलूप."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायच्या आधीच मी दारात उभा. हेडमास्तरांनी फॉर्म पुढे सरकवला. एकेक अक्षर जपून लिहिलं. नाव लिहिलं, गाव लिहिलं, वय लिहिलं एकोणीस.

हेडमास्तरांनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"गजू, एकवीसचा हायेस ना बे तू?"

मी मुकाट्यानं आकडा खोडला आणि दोन वर्षं परत जमा केली.