सही खलिफाकाकांची

खलिफाकाकांनी कुणाला 'नाही' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये पाइपलाइन इंजिनिअर म्हणून आयुष्य गेलं. पण दारावर सोलर पॅनेल विकायला आलेल्या माणसालाही ते आत बसवून चहा पाजायचे आणि फॉर्म भरून द्यायचे. मग मुलगा निखिल विमानाने चार तासांवरच्या बॉथेलहून फोन करून सगळं कॅन्सल करायचा.

'खलिफा' हे नाव आम्हा मराठी मंडळातल्यांनीच ठेवलेलं. काकू गेल्यावर त्यांनी स्पेनचा इतिहास वाचायला घेतला आणि कॉर्डोबाच्या दुसऱ्या हिशामपाशी थांबले ते थांबलेच. हा पोरवयात गादीवर बसलेला खलिफा. राज्य चालवलं त्याच्या हाजिबाने, म्हणजे कारभाऱ्याने.

"नाण्यावर नाव हिशामचं, शुक्रवारच्या प्रार्थनेत नाव हिशामचं," काका सांगायचे, "आणि स्वतः महालात कोंडलेला. मोठा झाला तरी सुटला नाही."

"मग बंड का नाही केलं त्याने?"

"अगं, हाजिब लढाया जिंकत होता. तक्रार करणार कशाबद्दल?"

या उत्तराची मला चीड यायची. मी ह्यूस्टनमध्ये भाडेकरूंसाठी पत्रकं लिहिते. अन्याय सोसून गप्प बसलेला माणूस मला बघवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात निखिलने गाडीची किल्ली काढून घेतली. शुगर लँडमध्ये गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. मग घर विकायला काढलं. काकांना बॉथेलला न्यायचं ठरलं. कुणी ठरवलं ते विचारायला नको. काका म्हणाले, "निखिल माझं चांगलंच बघतो," आणि एजंटने पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर सही केली.

"काका, घर तुमचं आहे."

"हो ना. म्हणून तर सही माझी लागते."

शेवटी मला जे येतं ते मी केलं. काकांच्या आयपॅडवरून, काकांच्या नावाने, निखिलला आणि मंडळातल्या झाडून सगळ्यांना ईमेल पाठवली. 'मी हे घर सोडणार नाही. माझ्या आयुष्याचे निर्णय मीच घेणार.' जोरदार जमली होती.

काकांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. "छान लिहिलंयस. फक्त खाली नाव माझं आहे. हिशामला एकच हाजिब होता, मला दोन मिळाले." आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते.

तेव्हा कुठे मी विचारलं, "काका, तुम्हाला काय हवंय?"

त्यांनी बॅकयार्डमधल्या कढीपत्त्याकडे पाहिलं. "विचार करून सांगतो."

घराचा ताबा द्यायला आठ दिवस उरले होते. मी रोज जाऊन विचारायचे. रोज तेच उत्तर, जरा ओशाळून.

निखिल काकांना न्यायला आला. तो दुष्ट निघता तर माझं सोपं झालं असतं. पण तो वडिलांच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरत बसला होता. "ती ईमेल तुझी होती, कळलं मला. पण किल्ली काढून घ्यायच्या आधी बाबा रेड लाइट तोडून गेले होते, ते माहितेय?" तो इंग्रजीतच म्हणाला. "तू मला सांग, मी काय करू?"

मी गोळ्यांची पुढची बाटली त्याच्याकडे सरकवली.

एअरपोर्टवर काउंटरवरच्या बाईने काकांनाच विचारलं, विंडो सीट हवी की मधल्या वाटेकडची, आइल. काकांनी निखिलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. मागे रांग वाढत होती. काका खरंच विचार करत होते. तोंड किंचित उघडलंही.

"आइल," निखिल हळूच म्हणाला.