आत्याच्या मागे हसणारी बाई

माझा धाकटा बेंजो वाजवतो. बेंजो हे वाद्याचं नाव, आणि ते वाद्य, ढोलकी, कॅसिओ घेऊन जी पोरं हळदीला वाजवायला जातात त्या अख्ख्या पार्टीलाही आमच्याकडे बेंजोच म्हणतात. पनवेल-उरणच्या गावांत हळद ही लग्नाहून मोठी. लग्नाला चार माणसं कमी आली तर कोणी विचारत नाही, पण हळदीला बेंजो नसेल तर वर्षभर बोलतात. तर हा माझा मुलगा, तिशी आली तरी बिनलग्नाचा, दिवसा न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात बसतो आणि संध्याकाळी मित्रांना घेऊन आमच्या गच्चीवर वाजवतो. शेजारी तक्रार करत नाहीत, कारण त्यांचीही पोरं त्यातच आहेत.

या पोरांनी स्वतःची गाणी बांधली होती आणि ती एखाद्या कंपनीने घ्यावीत, काढावीत, असं त्यांचं एकच वेड. मला ते आधी कळायचं नाही. "अरे, मोबाइलवर तुम्ही टाकताच की. मग कंपनी कशाला मध्ये?"

"आये, आपण टाकलं की मामा बघतो, मावशी बघते, संपलं. कंपनीने टाकलं की रायगड-ठाणं सगळं नाचतं."

पेनड्राइव्ह घेऊन पोरं ऑफिसं फिरली. कुठे वॉचमननेच ठेवून घेतला, कुठे "ऐकून कळवतो" म्हणाले आणि फोन उचलेनात. एका ठिकाणच्या साहेबाने मात्र गाणं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, "गाणं बरं आहे. पण स्टुडिओत सगळेच बरे वाजवतात. हळदीत या गाण्यावर बायका उठून नाचतात का, ते मला दाखवा. आठवडाभरात व्हिडिओ आणा, मग बोलू."

आता आली का पंचाईत! लगीनसराई तर संपलेली. आणि खऱ्या हळदीत यांना यांचं गाणं वाजवू देतो कोण? तिथे फर्माइशी असतात, गाजलेलं गाणं वाजलं नाही तर लोक माईक ओढून घेतात. पोरं गच्चीवर तोंडं पाडून बसली होती. मी चहा घेऊन वर गेले आणि सगळं ऐकून म्हटलं, "एवढंच ना? मग घालू मांडव आपल्या दारात."

हो, कल्पना माझीच. उगाच पोरांवर ढकलत नाही.

मुलगाच नवरा होऊन पाटावर बसणार, अंगाला हळद लागत असताना गाणार, असं ठरलं. मी एक पथ्य पाळलं. मांडवाला उंबराची फांदी बांधायची नाही आणि देवापुढे नारळ ठेवायचा नाही. म्हणजे हे नाटकच राहील, देवाला काही वाटायचं कारण नाही, असा माझा शहाणपणा. गल्लीतल्या बायकांना सांगितलं, पिवळ्या साड्या नेसून या, शूटिंग आहे. त्या हसून हसून तयार झाल्या. नणंदेला तिकडे आपटे गावी कळवायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. शूटिंगसाठी आपट्याहून माणूस कशाला बोलवायचं?

वन्सं माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. त्यांना मूलबाळ नाही. माझ्या धाकट्याने शाळेतल्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्यांच्याकडे काढल्या, पाताळगंगेत पोहायला तिथेच शिकला. भेटल्या की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "माज्या पोराला कवा हळद लावनार?" आमच्या घरात पहिली हळद आत्याच लावते ना.

संध्याकाळी मांडवात दिवे लागले, कॅमेरावाला आला, गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं असेल नसेल, आणि बायकांच्या मागून आवाज आला, "सरा गं, सरा! आत्याला जाऊ द्या!"

वन्सं. नवी कोरी साडी, डोक्यात गजरा, एका हातात स्टीलचा डबा, बगलेत आहेराचं पाकीट. नंतर कळलं, शेजारच्या सुनेने मांडवाचा फोटो मोबाइलवर स्टेटसला ठेवला होता. तो आपट्यात कोणीतरी पाहिला आणि वन्संना सांगितलं की तुमच्या भाच्याची हळद आहे. त्यांनी घरची हळकुंडं कुटली आणि मिळेल त्या रिक्षाने निघाल्या.

माझ्याजवळ येऊन कानात म्हणाल्या, "बोलवलं नायस तरी आले बग. काडीव मुहूर्त, घाईचं काम, पोरगी परजातीची असंल, म्हनून लपवलंस ना? मला काय बी चालतं गं. पन मांडवाला उंबर नाय? काय ही घाई!"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण पाटावरून मुलाने माझ्याकडे पाहिलं, गाता गाताच मान हलवली, की थांबवू नको. कॅमेरा फिरत होता. मी तोंड मिटलं.

वन्संनी डबा उघडला, दोन्ही हातांनी त्याच्या गालांना हळद लावली, त्याचं डोकं छातीशी धरलं आणि रडल्या. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि नाचायला लागल्या. सत्तरीची बाई, गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी चढत नाही, ती गोल फिरत होती, ओरडत होती, "माज्या पोराची हळद! माज्या पोराची!" ढोलकीवाल्याच्या अंगात आलं. बायका उठल्या. पण आम्हा बायकांना ठाऊक होतं ना हे सगळं खोटं आहे ते. एकीने दुसरीला कोपर मारलं, दुसरीने मला. आणि हसू फुटलं.

गाणं संपलं. वन्सं धापा टाकत विचारत होत्या, "नवरीकडं हळद कवा जानार?" तेव्हा समोरच्या घरची म्हणाली, "अहो आत्याबाई, नवरी कसली? ही शूटिंगची हळद!"

"शूटिंगची?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मांडवाच्या झालरीकडे बघत होते.

त्यांनी डब्याला झाकण लावलं. नळावर जाऊन हात धुतले. हळद काय पाण्याने जाते? आम्ही जेवायला बसा म्हणत होतो, तर म्हणाल्या, "नको. गाडी चुकंल." मुलगा बाइकवर सोडतो म्हणाला, तर त्यालाही नको म्हणाल्या. आहेर मात्र पाटावर ठेवून गेल्या. परत नेला नाही.

पोरांनी व्हिडिओ नेऊन दिला, तसा कंपनीच्या साहेबाचा लगेच फोन आला. "ती आत्या कोण आहे? तीच गाणं आहे! तिच्यासकट घेतो, पुढची दोन गाणीही घेतो. पण जे जे दिसतात त्यांची कागदावर परवानगी पाहिजे." शेजारणींनी हसत सह्या केल्या. आपट्याला जाणं मला भाग होतं. मुलगा म्हणाला, "आये, आत्या नको म्हणाली तर काम गेलं आपलं." रस्ताभर आम्ही दुसरं काही बोललो नाही.

वन्संनी पाणी दिलं. मुलाने पायाला हात लावला, तर त्याची पाठ थोपटली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दाकव तरी, कशी दिसते मी."

त्याने मोबाइल पुढे धरला. त्या बघत होत्या, मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. मुलाने तोवर मला दाखवला नव्हता तो तुकडा. का नव्हता, ते तेव्हा कळलं. पुढे वन्सं रडतायत, नाचतायत, आणि त्यांच्या बरोब्बर मागे मी. पदर तोंडाला, खांदे हलतायत, शेजारणीच्या हातावर टाळी देतेय. टाळी दिलेली मला आठवतही नव्हती.

"पुन्ना लाव," वन्सं म्हणाल्या. त्याने लावलं. त्यांनी बोट ठेवलं. "ही तू."

मग त्या मुलाकडे वळल्या.

"मला ठेवा. हिला कापा."

मुलगा खाली बघत म्हणाला, "आत्या, नाही कापता येत. तू जिथे जिथे आहेस, तिथे मागे आई आहे."

वन्संनी मोबाइल उताणा मांडीवर ठेवला. गाणं तसंच वाजत राहिलं. संपल्यावर म्हणाल्या, "मग रावू दे तिला. माज्या पोराचं काम नको अडायला. आन तो कागद."

"वन्सं, चुकलं माझं," मी म्हटलं.

"चा घेनार का?" त्या उठल्या, आणि चहा टाकेपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

गाणं निघालं. कंपनीने काढलं. आता आमच्या भागात कुठे हळद असली की ते वाजतंच, पोरांना दम खायला फुरसत नाही. मुलगा मला व्हिडिओखालचे लोकांचे शेरे वाचून दाखवायचा, एक दिवस मीच बंद करायला सांगितलं. लोक लिहितात, "आत्या जबरदस्त, आणि मागची नवऱ्याची आई बघा, आनंद पोटात मावत नाही तिच्या." कोणालाही कळलेलं नाही. गल्लीतल्या बायका सोडल्या तर आम्ही तिघंच काय ते जाणतो. वन्सं अजून सणावाराला येतात, जेवतात, माझ्याशी भाजीचं, तब्येतीचं बोलतात. माझ्या पोराला हळद कधी लावणार, हे मात्र त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही.

परवा पनवेलच्या मच्छी मार्केटात बोंबील घेत होते. शेजारच्या पाटीवरची पोरगी कोयता टाकून उभीच राहिली. "अगो बाय! तुमी त्या गान्यातल्या नवऱ्याची आये ना? माजी सासू रोज बगते तुमाला!" हात पुसून तिने मोबाइल काढला, माझ्या खांद्याला खांदा लावला. "काकी, तसंच हसा ना एकदा. गान्यात हसता तसं."

मी पदर तोंडाला लावला. तिला वाटलं, हसतेय.