खोडलेलं वचन

"शेवटची ओळ तुमच्या हातची आहे," सरोजिनी म्हणाली. "माझ्या लेखात."

"एक ओळ आणि बायबलमधलं एक वचन, एवढंच घातलं," जयवंत म्हणाले. "ताटात भात न वाढताच उठवतेस लोकांना."

लेख चर्चच्या मासिकाच्या नाताळ अंकासाठी होता, नेहमीप्रमाणे जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिलेला. संध्याकाळी मासिकाचे संपादक अप्पा तो न्यायला येणार होते. परळच्या एका इस्पितळात बत्तीस वर्षं नर्स राहून सरोजिनी निवृत्त झाली, आणि नंतरचं सगळं वर्ष ती उपासनेत नुसते ओठ हलवत उभी राहिली. प्रार्थना येईना, गीत येईना. लेखात तिने तेवढंच लिहिलं होतं. जयवंतांनी खाली जोडलं होतं, 'पण प्रभूने मला शांती दिली.'

ते चर्चमध्ये पेटी वाजवायचे. पेटीवाल्याची बायकोच मुकी, असं लोक बोलतील, हे त्यांनी तीनदा सांगून झालं होतं.

सरोजिनी खिडकीकडे बघत राहिली. शिवडीच्या खाडीला ओहोटी लागली होती. चिखलात दूरवर फ्लेमिंगो उभे होते, कुणी गुलाबी लुगडं वाळत घालून विसरून गेल्यासारखे. जयवंतांचा आवाज हळूहळू लांब गेला. ती पुन्हा चर्चमधल्या त्या बाकाशी उभी होती, डोक्यावर पंखा संथ फिरत होता, आणि गीत वरून वाहत होतं, आपण पाण्याखाली असावं तसं. त्या पाण्यात शेजारून एकच आवाज यायचा, मोठा, बेसूर. वैताग यायचा त्याचा. पण तोच धरून ती शेवटच्या कडव्यापर्यंत पोचायची.

पहिल्या लेखाच्या वेळी अप्पांनी तिला सांगितलं होतं, वचन आधी लिहायचं, त्यावर लेख रचायचा आणि मग वचन खोडून टाकायचं. तरीही लेख उभा राहिला तर तो खरा. रडू आलं असं लिहू नये, तेव्हा हातात काय होतं ते लिहावं. सुरुवातीला तिचं उलटंच चालायचं. प्रत्येक गोष्टीतला आजारी माणूस शेवटच्या ओळीत बरा होऊन आमेन म्हणायचा. वॉर्डात किती जण तसे उठले, ते तिला चांगलं माहीत होतं.

"अगं, खोटं कुठे आहे त्यात?" जयवंत आता नरमले होते. "शांती मिळाली नाही का तुला?"

"अजून नाही."

लेक अक्षता मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आई गात नाही, हे मला माहीत होतं. म्हणून तर मी जोरात गायचे. तिचा आवाज नाही हे कुणाला कळू नये म्हणून. बाबा, तुम्ही घरी येऊन मलाच ओरडायचात."

परातीत मटार टपटपत राहिले.

सरोजिनीने पेन उचललं, नवऱ्याची ओळ आणि त्याखालचं वचन सरळ रेघ मारून खोडलं, आणि खाली दोन शब्द लिहिले. मग पान घडी करून पाकिटात घातलं.

"काय लिहिलंस?" जयवंतांनी विचारलं.

"अक्षता गायची. लेख असाच जाईल," ती म्हणाली. "अप्पा आले की चहा तुम्ही टाका."