हरवलेल्या शेळीचा पंचनामा

ती शेळी मला अजून आठवते, आणि गंमत म्हणजे ती मी कधी पाहिलीच नाही. सातवी शिकून शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार होऊन घरी आलो. मधल्या काळात चोऱ्या, मारामाऱ्या, नामांतराचा बंदोबस्त, सगळं झालं. पण तुमचा चांगला तपास कोणता, असं कुणी विचारलं तर मी शेळीचा सांगतो. नावं लिहीत नाही. माणसं अजून आहेत.

तेव्हा मी जिंतूरकडच्या एका ठाण्यात जमादार होतो. खबर मिळाली ती घरात, जेवताना. पोलीस लाईनीत कासारीण यायची बायकांना बांगड्या भरायला. तिनं माझ्या बायकोला सांगितलं आणि बायकोनं मला.

"अहो, त्या मळ्यातल्या घरची सून महिन्यात तिसऱ्यांदा बांगड्या भरून गेली. फकस्त डाव्या हाताच्या."

"फुटल्या असतील."

"सातवा महिना हाय तिला. मार चुकवायला डावा हात पोटावर आडवा धरती. कासारणीला कळतंय, तुमाला कळंना? आन् सासूच आणती हाताला धरून. मोकळा हात गावाला दिसंल म्हणून."

"घरगुती मामला आहे. तक्रार आली तर बघू."

बायको भाकरी हातात घेऊन तशीच उभी. ताटात काही पडेना. "ती ठाण्यात कशाला येती? दवाखान्यात येती. डाक्टरला इचारा जाऊन." मी जातो म्हणालो, तेव्हा भाकरी पडली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर नवे होते, तरणे, माणूस चांगला. त्यांनी केसपेपर काढला. पोरगी चार वेळा आली होती. एकदा पायरीवरून पडली, एकदा म्हशीनं ढकललं, दोनदा न्हाणीत पाय घसरला.

मी म्हणालो, "साहेब, एवढी पडणारी बाई मी सर्कशीतसुद्धा पाहिली नाही. हे सांगितलं कुणी, तिनं का सासूनं?"

"सासूनं. तीच आत उभी असते."

"मग तुम्ही पोरीला विचारलं नाही, नवरा मारतो का म्हणून?"

डॉक्टर तापले. "कसं विचारू? एवढं शिकलो, पण हे विचारायला कुणी शिकवलं नाही. सोमवारी गरोदर बायांची रांग फाटकापर्यंत जाते. घरची माणसं चिडली तर तिला पुढं तपासायलासुद्धा आणणार नाहीत. आणि समजा हो म्हणाली, तर पुढं काय करू? तुमच्याकडं पाठवू? तुम्ही नवऱ्याला समज देऊन सोडणार आणि तिला घरी दुप्पट मार."

मला राग आला. खरं बोलल्यावर येतो तसा. मी अशा किती जणांना समज देऊन सोडलं होतं ते मलाच माहीत. मी म्हणालो, "या खेपेला सोडणार नाही. तुम्ही विचारा, पुढचं माझ्याकडं लागलं."

सिस्टर मध्ये बोलल्या, "पण सासूला बाहेर कोण काढणार? बाहेर थांबा म्हटलं की दवाखाना डोक्यावर घेते."

तेव्हा मला शेळी आठवली. आठ दिवसांपूर्वी हीच सासू शेळी हरवली म्हणून ठाण्यात आली होती, आणि बंदोबस्ताच्या गडबडीत मी तिला हाकललं होतं.

सोमवारी पोरगी आली. सासू आणि नवरा सोबत. मी बाकावर कागद घेऊन तयारच होतो.

"आजी, या. तुमच्या शेळीचा तपास निघालाय. जबाब लागतो."

म्हातारी हरखली. सून आत गेली, म्हातारी माझ्यासमोर बसली.

"रंग?"

"काळी. पर म्होरले पाय पांढरे."

"शिंगं?"

"एक वाकडं. माज्या जावंनं धोंडा हाणला, तवापासून."

"मग जावेचाही जबाब घ्यावा लागेल."

"घ्या की जमादार! तिलाच पयले घ्या!"

म्हातारीचा पोरगा चुळबुळ करायला लागला. त्याला पंच केलं. खुंटा कुठं होता, दोरी किती लांब, मातीत आखून दाखव म्हणालो. बसला काडीनं आखत. माझं अक्षर मुळातच सावकाश. साहेब लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्यापायी, पण त्या दिवशी कामाला आलं. शेळीच्या कानापर्यंत पोचेतोवर अर्धा तास गेला.

आत काय झालं ते डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. पोरगी आधी न्हाई न्हाईच म्हणाली. मग डॉक्टर स्टूल ओढून समोर बसले. म्हणाले, "तुझ्या मर्जीशिवाय मी कुणाला सांगणार नाही. पण पोटाशी मार लागलेला मला दिसतोय. कोण मारतं?"

पोरगी म्हणाली, "डाक्टर, तुमी आज इचारलं. मी पयल्या खेपंपासून वाट बघायले."

एवढं सांगताना डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता तो.

तिला माहेरी जायचं होतं. पोटातलं लेकरू वाचवायचं होतं, आणि घरचे पाठवायला तयार नव्हते. डॉक्टरांनी तिला तिथंच भरती करून घेतलं आणि जखमेचा दाखला लिहिला. नवा मार, जुना मार, सगळा. ठाण्यात बाई शिपाई नव्हती, म्हणून सिस्टरना शेजारी बसवून, तिच्या मर्जीनं, मी तिचा जबाब घेतला. येलदरीकडून बाप आला. छळाचं कलम तेव्हा नवंच होतं, ते लावून नवऱ्याला उचललं.

तो म्हणाला, "जमादार, तुमी तर शेळीसाठी आलते!"

"शेळी सापडली नाही. तू सापडलास."

माहेरी तिला मुलगी झाली. दोघी खणखणीत. कोर्टात केस रखडली, हेही लिहायला पाहिजे. पण पोरगी परत त्या घरी गेली नाही. म्हातारी मात्र माझी बदली होईतो ठाण्यात येऊन विचारायची, "जमादार, माजी शेळी?"

डॉक्टरांनी पुढच्या सोमवारपासून दाराला चादर बांधली. गरोदर बाई आधी एकटी आत, घरचे बाहेर, आणि तोच सवाल प्रत्येकीला. सगळ्यांना विचारलं की कुणा एका घराचं नाव होत नाही. त्यांच्या जोडीचे डॉक्टर हसले म्हणे त्यांना. हसू द्या. मी एवढंच शिकलो, की मार खाणारी बाई खोटं बोलत नसते, ती माणूस बघत असते. तिला एकटीला विचारावं लागतं, आणि विचारून गप्प बसावं लागतं.

शिकलो म्हणतो, पण घरी ते आणलं नाही. बायकोला जाऊन दोन वर्षं होतील. शेवटी शेवटी तिला परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "आजी, लय दुखतं का?" मीच बोललो, "नाही हो, एवढं काही नाही. सोशीक आहे ती."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. अंगात त्राण नव्हतं, तरी हसली.

"तुमी जरा भाईर जावा," म्हणाली. "शेळी सापडती का बघा."

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. आत दोघी बराच वेळ बोलत होत्या.