तुरूप कुठला?

दुपारचं जेवण उरकलं की जुन्या जालन्यातल्या आमच्या माडीवर मी जरा आडवी होते. डोळा लागतो न लागतो तोच लेकीचा फोन. तिकडं हॉलंडात तेव्हा सकाळ असते. बियाण्यांचं शिकायला गेलेली पोर, शिक्षण संपत आलेलं. ती परत येणार का, एवढंच मला विचारायचं असायचं. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही, पण इथं जीभ रेटायची नाही.

एका दुपारी ती हसतच म्हणाली, "आई, काल पत्ते खेळलो. मैत्रिणीची आजी हुकमाच्या पानाला 'ट्रूफ' म्हणती. म्हणजे आपला तुरूपच की गं!"

मी उठूनच बसले. माझे वडील टेंभुर्णीला मेंढीकोट खेळताना मांडीवर थाप मारून 'तुरूप!' ओरडायचे. बाकीचे हुकूम म्हणायचे, यांना तुरूपच लागायचा.

"आपला शब्द तिकडं कसा काय गेला?"

"उलटं हाय. डच लोकांच्या जहाजांवरून आपल्याकडं आल्ता म्हणे. अन् त्यांचा तरी कुठं? त्यांनी फ्रेंचांचा उचलला. त्याच्या आधी लॅटिन, तिथं त्याचा अर्थ विजयाची मिरवणूक."

"काय बी सांगू नको! माझ्या बापाचा शब्द हाय तो."

खरंच राग आला मला. शब्दावरून कुणी भांडतं का! ती खुदखुदली. मी फोन कानाशी घेऊन परत कलंडले. ती सांगत राहिली आणि मला दिसायला लागलं. डुलणारं जहाज, पत्ते पिसणारे खलाशी. शब्द बंदरात उतरला, कुणीतरी चुकीचा ऐकला, तसाच पुढं दिला. असं करत तो टेंभुर्णीला पोचला आणि वडिलांच्या शेजारी जाजमावर बसला. कुठला रे तू, असं कुणी विचारलंच नाही. फार गोड वाटत होतं.

त्या गुंगीतच मी विचारलं, "मंग परत न्हाई का गेला तो?"

"कशाला जाईल? रुळला की तिथंच."

मग तिनं आवाज जरा खाली केला.

"आई, मला इथंच नोकरी लागली."

"बरं झालं," मी म्हणाले. अजिबात बरं वाटलं नव्हतं. "कधी येशील मंग?"

"दिवाळीला येईन की तुमच्याकडं."

आजवर ती 'घरी येते' म्हणायची.