पान एकोणपन्नासचा नियम

आमची आत्या शिलाई मशीन दुरुस्त करते. गेली अठ्ठावीस वर्षं तिचा हाच धंदा आहे. गिऱ्हाईक "टाका सुटतोय हो" म्हणत आलं की ती आधी मशीनकडे बघतच नाही, चालवणाऱ्याच्या हातांकडे बघते. दहातल्या सात वेळा निकाल ठरलेला: "मशीन धडधाकट आहे, तुम्ही कापड ओढता." हे ती इतकं तोंडावर सांगते की काही जण पुन्हा पायरी चढत नाहीत. जे चढतात ते जन्माचे होतात.

दर रविवारी दुपारी अडीचला शटर अर्धं खाली येतं आणि मागच्या खोलीतल्या कापड बेतायच्या टेबलावर 'बुडालेलं नगर' सुरू होतं. खेळ सांगायला सोपा आहे. आत्या सूत्रधार. समोर काय दिसतंय ते ती सांगते: शेवाळलेला जिना, कुलूप घातलेलं दार, पाण्याखाली वाजणारी घंटा. आम्ही चौघं एकेका प्रवाशाचं सोंग घेतो, पुढे काय करणार ते बोलतो, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. चौघं म्हणजे माझी आई, समोरच्या दवाखान्यातले कंपाउंडर, भूमितीच्या बाई आणि मी. गल्लीतल्या लोकांना वाटतं, आत पत्ते कुटतात. आत्या खुलासा करत नाही.

आमच्या टेबलाची खरी ऐट म्हणजे निरोपाचा नियम. प्रवासी मेला की फासे बंद. त्याने खेळात केलेली एकेक गोष्ट प्रत्येकाने सांगायची. मग ज्याचा प्रवासी गेला त्याने त्यातली एक निवडायची, आणि ती त्याच्या नव्या प्रवाशाला मिळते. सवय, हट्ट, भीती, काहीही. माझा आताचा प्रवासी दारावर दोनदा टकटक केल्याशिवाय आत जात नाही, कारण त्याच्या आधीची माझी म्हातारी तशी होती.

यंदा या खेळाची नवी आवृत्ती निघायची होती. प्रकाशकांनी जुन्या मंडळांना कच्ची प्रत पाठवली आणि सोबत एकच प्रश्न विचारला: हा तुम्हाला तोच खेळ वाटतो का? आत्याने प्रत वाचायला घेतली. प्रवासी मेला तर काय करायचं, तिथे लिहिलं होतं: पाच फासे टाका, नवा प्रवासी तयार. बस्स. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दिवशी तिने चार पानी पत्र धाडलं. निरोपाचा नियम काढलात म्हणजे खेळाचा जीवच काढलात, तो परत येणार नसेल तर आमचं टेबल बंद! हे सगळं आम्हाला न विचारता. आम्हाला विचारतंय कोण म्हणा.

तीन आठवड्यांनी फार नम्र उत्तर आलं. आपण म्हणता तो नियम आम्हाला कुठल्याच आवृत्तीत आढळला नाही, कृपया पान क्रमांक कळवावा.

"पान एकोणपन्नास!" आत्या कडाडली. "स्वतःचं पुस्तक वाचता येत नाही यांना."

"दाखवा बरं," भूमितीच्या बाई म्हणाल्या. सिद्ध केल्याशिवाय त्या चहासुद्धा गोड मानत नाहीत.

नियमांचं पुस्तक फक्त सूत्रधाराने उघडायचं, ही आमची शिस्त. त्यामुळे ते पान आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. वर प्रकरणाच्या शेवटच्या सहा ओळी छापलेल्या. खाली उरलेल्या कोऱ्या जागेत, टपोऱ्या सुट्या अक्षरांत, निरोपाचा नियम. दुकानाच्या पाटीवर आत्याने स्वतः रंगवलंय तेच अक्षर. आत्याने बोट ओलं करून एका कान्यावर फिरवलं. शाई बोटाला लागली.

"मला आठवतंय की," आई म्हणाली. "पहिलंच वर्ष होतं. माझी नावाडीण बुडाली आणि मी रडत चपला घालायला लागले. वन्सं, तुम्ही दारात आडव्या आलात. म्हणालात, थांब, पुढे एक नियम आहे. मग आत जाऊन बराच वेळ वाचत बसलात."

"लिहीत बसले असेन," आत्या म्हणाली.

"ते मला तेव्हाच कळलं होतं."

"मग तेवीस वर्षं बोलली का नाहीस, वहिनी?"

"कशाला बोलू? नियम चांगला होता."

आम्हाला हसू आवरेना, पण आत्याचा चेहरा उतरला होता. नसलेला दोष दाखवणाऱ्या गिऱ्हाइकांना हसण्यात तिची हयात गेली, आणि आता तीच त्यांच्या रांगेत उभी. "चूक माझी," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी नव्या पुस्तकाबरहुकूम खेळायचं, अक्षराचा फरक नको. आपला खेळ नाही वाटला तर टेबल बंद. नाव एकाचं आणि खेळ दुसरा, हे मला चालायचं नाही." ती बोलली की बोलली, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या आठवड्यात आई दोनदा मला म्हणाली, रविवारी मी करू काय मग?

रविवार आला. तासाभरातच कंपाउंडरांचा लोहार भिंत कोसळून गेला. अकरा वर्षांचा जुना प्रवासी.

"टाका पाच फासे," आत्या पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

कंपाउंडरांनी फासे मुठीत घेतले आणि तसेच बसून राहिले.

"त्याने आपली हातोडी पुलाला टेकू म्हणून लावली," बाई म्हणाल्या, "आणि परत कधी मागितली नाही."

"माझ्या म्हातारीला पाठुंगळी घेतलं," मी म्हणाले, "आणि वर हळू चालते म्हणून तिलाच झापलं."

"कधीच पहिला पळाला नाही," आई म्हणाली.

"हे पुस्तकात नाही," आत्या म्हणाली.

"जुन्यातही नव्हतं, वन्सं."

आत्याने पुस्तक मिटलं. "लोहार पाण्याला भ्यायचा," ती म्हणाली. "अकरा वर्षं बुडालेल्या नगरात हिंडला, पण कुणाला पत्ता लागू दिला नाही."

कंपाउंडर चमकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"पाणी आलं की तुम्ही फासे दोन्ही हातांनी टाकायचात."

कंपाउंडरांनी तीच भीती नव्या प्रवाशासाठी घेतली. आणि मग पाच फासे टाकले, नव्या पुस्तकात म्हटल्याप्रमाणे.

खेळ संपल्यावर आत्याने तिथेच उत्तर लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. 'पान क्रमांक नाही. नियम माझा आहे, माझ्या वहिनीसाठी केलेला. तुमच्यावर उगाच आवाज चढवला, माफ करा. नवी आवृत्ती खेळून पाहिली. होय, तोच खेळ आहे.' चार पानांचा राग चार ओळींत आणि तोही ताठ मानेने मागे घेणारी बाई माझी आत्या आहे, हे मी कुणालाही छाती पुढे काढून सांगेन.

आई मात्र लाजून लाल झाली होती. "वहिनीसाठी कशाला लिहिलंत? लोक हसतील."

"हसू देत," आत्या पाकीट चिकटवत म्हणाली. "तू उठून गेली असतीस तर मी कुणाबरोबर खेळले असते?"